काउंटरचा आकडा घटला म्हणजे नेमकं काय झालं?

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,

लिनक्स कर्नलसाठीचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठीचा, तुझा पॅच (कोडमधल्या बदलांचा प्रस्ताव) वाचला. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळे सिडकोतून इकडे येण्याचा खटाटोप करू नकोस. लिहूनच कळवतो, आणि लिहिलेलं तुला दोनदा वाचताही येईल.

मेमरी बँडविड्थ, म्हणजे मेमरीशी होणारी डेटाची ये-जा, मोजणाऱ्या हार्डवेअर काउंटरचा नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला, तर तो ओव्हरफ्लो झाला, म्हणजे भरून पुन्हा शून्यापासून सुरू झाला, असं समजून तू पूर्ण पल्ला मिळवतोस आणि मग वजाबाकी करतोस. उत्तर बरोबर येतं, पण त्या ‘जर’ची गरजच नाही. आठ बिटांचा काउंटर घे. आधी २५० होता, आता ५ आहे. ५ वजा २५० म्हणजे उणे २४५, आणि २५६च्या चक्रात ते ११. ओव्हरफ्लो झाला का हे विचारावंही लागलं नाही. लिनक्स कर्नल हेच करतो. काउंटर २४ बिटांचा असेल तर दोन्ही आकडे ६४ बिटांच्या खोक्यात ४० घरं डावीकडे सरकवतो, वजाबाकी करतो आणि उत्तर ४० घरं परत उजवीकडे आणतो. वरच्या बिटांतला कचरा आपोआप गळून पडतो. हे न करता सरळ ६४ बिटांत वजाबाकी केलीस, तर ग्राफवर एक सुळका उभा राहील आणि बाकीची सगळी रेघ जमिनीला चिकटेल.

रुंदी मात्र कोडमध्ये ठोकून बसवू नकोस. २४ हा पाया आहे. त्याच्यावर किती बिटं जास्त आहेत हे इंटेलचा प्रोसेसर सीपीयूआयडीतून, म्हणजे स्वतःची माहिती देणाऱ्या सूचनेतून, सांगू शकतो. एएमडीसाठी कर्नल पायावर २० बिटं धरतो, म्हणजे ४४. आणि गुणाकार शेवटी कर. काउंटर बाइट मोजत नाही, तुकडे मोजतो. एक तुकडा किती बाइटांचा हेही प्रोसेसरच सांगतो. आधी गुणून मग वजा केलंस तर चक्राचा आकार बदलतो आणि वरची सगळी युक्ती वाया जाते.

इथवरचं अंकगणित तुला कोणीही शिकवेल. मला काळजी आहे ती पुढची.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली एखादी नोट हातात घे. सहा आकडी नंबर असतो आणि त्याच्याआधी प्रीफिक्स. सहा आकडे संपले की नंबर पहिल्यापासून सुरू होतो, प्रीफिक्स बदलतो. हार्डवेअर तुला फक्त सहा आकडे दाखवतं, प्रीफिक्स तू सांभाळायचा. दोन वाचनांच्या मध्ये नंबर एकदा फिरला तर वजाबाकी सावरून घेते. दोनदा फिरला तर एक अख्खा फेरा गहाळ होतो, आणि तो गहाळ झाला हे आकड्यांकडे कितीही बघितलंस तरी कळणार नाही. म्हणून खरा प्रश्न आहे ‘किती वेळात एक फेरा पूर्ण होतो’ हा.

तो हिशोब कागदावर कर. समजा एक तुकडा ६४ किलोबाइटचा आहे. २४ बिटांचा एक फेरा म्हणजे १ टेराबाइट. सेकंदाला १०० गिगाबाइटच्या वेगाने तो साधारण ११ सेकंदांत संपतो. तोच तुकडा ६४ बाइटांचा, म्हणजे कॅश या प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीच्या एका ओळीचा (कॅश लाइनचा) असता, तर फेरा १ गिगाबाइटचा झाला असता आणि तो ११ मिलिसेकंदांच्या आतच आटोपला असता. ४४ बिटं असतील तर त्याच ६४ बाइटांना तीन तासांहून जास्त लागतात. किती चैन! म्हणजे नुसत्या बिटांवरून काहीच ठरत नाही. रुंदी, तुकड्याचा आकार आणि मशीनचा कमाल वेग हे तिन्ही एकत्र धरावे लागतात. वेग सरासरी नको, कमाल घे.

इंटेलने सेकंदाला निदान एकदा वाचायला सांगितलंय, म्हणजे दोन वाचनांत एकापेक्षा जास्त फेरा होत नाही. २०१७ साली ४.१४ या आवृत्तीपासून रिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कामांचे गट करून त्यांचा कॅश आणि मेमरीचा वापर फाइलींतून दाखवणाऱ्या कर्नलच्या भागात, हे मोजमाप आलं तेव्हापासून कर्नल तेच पाळतो. प्रत्येक एल३ कॅशच्या डोमेनसाठी, म्हणजे एकच एल३ कॅश वाटून घेणाऱ्या सीपीयूंसाठी, एक वर्कर (कर्नलचं पडद्यामागचं काम) दर सेकंदाला उठतो, सगळ्या गटांचे काउंटर वाचतो, फरक ६४ बिटांच्या बेरजेत टाकतो आणि पुन्हा झोपतो. फाइल कोणी वाचो न वाचो, त्याची फेरी चुकत नाही. तू मात्र वाचन फक्त वापरणाऱ्याच्या हातात ठेवलं आहेस. कोणी जेवायला गेलं, तर? पॅचमध्ये मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच.

वर्कर ठेवलास म्हणजे सुटलास असंही नाही. हे काउंटर त्याच डोमेनमधल्या प्रोसेसरवरूनच वाचता येतात. ज्या सीपीयूवर वर्कर बसलाय तो कोणी ऑफलाइन केला, तर त्याला त्याच डोमेनमधल्या दुसऱ्या सीपीयूवर हलवावं लागतं. तो सीपीयू रिअलटाइम, म्हणजे सगळ्यांआधी चालणाऱ्या, कामाने अडवून धरला असेल, तर वर्कर उशिरा उठेल, कारण वर्कक्यू, म्हणजे वर्कर चालवणारी कर्नलची रांग, वेळेची हमी देत नाही. म्हणून प्रत्येक वाचनासोबत वेळही नोंदव. अंतर परवडण्यापेक्षा जास्त निघालं तर तो आकडा छापू नकोस, ‘भरवशाचा नाही’ असं सांग. खोट्या आकड्यापेक्षा रिकामी जागा कधीही बरी, असं माझं ठाम मत आहे. कर्नलसुद्धा तसंच वागतो: हार्डवेअरने ६२वं बिट उचललं तर ‘अनअव्हेलेबल’, ६३वं उचललं तर ‘एरर’. ही दोन बिटं तपासण्याआधी वजाबाकीला हात लावायचा नाही.

आता सगळ्यांत चोरटी गोष्ट. आकडा घटायला ओव्हरफ्लो हे एकच कारण नसतं.

एएमडीच्या काही प्रोसेसरांवर एकाच वेळी सगळ्या गटांवर नजर ठेवण्याइतके काउंटर नसतात. ज्या गटावरची नजर हटली त्याचा काउंटर शून्य होतो. नंतर नजर परत आली की आकडा लहान दिसतो, आणि तुझी वजाबाकी भोळेपणाने म्हणते, ‘एक फेरा झाला!’ एखादा ओळख-क्रमांक, म्हणजे आरएमआयडी, जुन्या गटाकडून नव्या गटाला दिला तरी अशीच गडबड होते. तिथे पहिलं वाचन फक्त आधार म्हणून ठेवायचं, बेरजेत घ्यायचं नाही.

दुसरं कारण तुझ्याच कोडमध्ये आहे. वर्करने १०० वाचलं आणि तो थबकला. तेवढ्यात फाइल वाचणाऱ्याने ११० वाचलं आणि ‘मागचा आकडा’ म्हणून ११० लिहून ठेवला. मग वर्कर जागा झाला, त्याने १०० वजा ११० केलं, आणि हाती जवळजवळ अख्खा फेरा आला. वरच्या हिशोबाने टेराबाइटभर वाहतूक, जी कधी झालीच नाही. वाचणं, वजा करणं आणि मागचा आकडा लिहिणं ही तिन्ही कामं एकाच म्युटेक्सखाली, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलुपाखाली, हवीत. शिवाय काउंटर वाचणं हीच दोन पायऱ्यांची गोष्ट आहे: आधी एका रजिस्टरमध्ये कुठला गट, कुठली घटना ते लिहायचं, मग दुसऱ्यातून वाचायचं. मध्ये कोणी घुसला तर तुला दुसऱ्याच्याच गटाचा आकडा मिळेल, आणि तो दिसायला अगदी सभ्य असेल.

टेस्टिंगबद्दल. तुझ्या लॅपटॉपवर हे काउंटर बहुतेक नसतील आणि भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनमध्येही सहसा दिसत नाहीत. म्हणून वाचणारं फंक्शन बदलता येईल असं ठेव आणि त्याच्या जागी खोटा काउंटर बसव. चार बिटांचा चालेल, उलट तोच बरा, कारण तो लगेच फिरतो. त्याला एकदा फिरव, दोनदा फिरव, मध्येच शून्य कर, वर्करला मुद्दाम उशीर कर. दुसऱ्या प्रसंगात तुझं उत्तर चुकणारच. तिथे कोडने कबुली द्यावी एवढंच बघायचं. नंतर तासाच्या भाड्याने खरा सर्व्हर घे, मेमरीवर ठरावीक बोजा टाक आणि आकडे जुळतात का ते बघ. तंतोतंत जुळणार नाहीत. इंटेलच्या काही जुन्या झिऑन सर्व्हर-प्रोसेसरांचे काउंटर मुळातच थोडे चुकतात, त्यासाठी कर्नलमध्ये दुरुस्तीचा तक्ता ठेवलेला आहे.

आणि हो, ‘कर्नलचं काम करायचं तर पुण्याला जा’ असं कॉलेजात कोणी सांगितलं असेल तर कानाआड कर. पॅच ईमेलनेच जातात, आणि मेंटेनर, म्हणजे पॅच तपासून स्वीकारणारे, पिनकोड विचारत नाहीत. ते विचारतात की वाचनाचं अंतर कुठल्या हिशोबाने ठरवलं. तुझ्या कमिट मेसेजमध्ये, म्हणजे पॅचसोबतच्या वर्णनात, आत्ता तो हिशोब नाही. रुंदी, तुकडा आणि कमाल वेग हे तिन्ही आकडे तिथे लिही. दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली टाक, म्हणजे ते कोडच्या इतिहासात चढणार नाही. पाठवण्याआधी एकदा मला दाखवलंस तर मी त्याच दिवशी वाचीन.

तुझा,
गंगापूर रोडवाला