हत्ती केंद्रासाठी टीबीचा दाखला: मॉन्टू शुक्रवारी टोचून घेऊ नका

ताई, मथुरेजवळच्या हत्ती केंद्रात दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं, पंजाब मेलचं आरक्षणही झालं, आणि आता केंद्राने वैद्यकीय दाखला अपुरा म्हणून परत पाठवला, असं तुम्ही लिहिलंय. रावेर-जळगाव तीन चकरा झाल्या म्हणता. नेमक्या याच दाखल्यापायी माझी पहिली खेप बुडाली होती, म्हणून सविस्तर लिहितो. बूट, टोपी, ओळखपत्र तुम्हाला सांगायला नको.

आधी एक लक्षात घ्या, केंद्रवाले उगाच अडवत नाहीत. टीबी माणसापासून हत्तीला होतो, जंतूही तोच. एवढ्या धडाच्या छातीचा एक्स-रे निघत नाही. मग सोंडेत निर्जंतुक सलाइन ओतायचं, सोंड वर करायला लावायची आणि ते पाणी पिशवीत परत धरायचं. असे तीन नमुने, तेही वेगवेगळ्या दिवशी. औषधं आपलीच, आयसोनायझिड वगैरे, पण हत्तीच्या वजनाच्या हिशोबाने आणि कित्येक महिने. कडू औषधाचा वास आला की हत्ती घास फेकून देतो. म्हणून नुसतं 'प्रकृती उत्तम' लिहिलेला कागद तिथे चालत नाही.

आता चूक कुठे होते ते. मॉन्टू म्हणजे टीबीसाठी हाताच्या कातडीत सुई टोचून करायची चाचणी. ती सुई टोचल्यावर 48 ते 72 तासांच्या आतच हात तपासायला हवा. शुक्रवारी टोचली तर मुदत रविवार ते सोमवार. रविवारी खिडकी बंद, सोमवारी सण निघाला की मंगळवारचं वाचन बाद. माझं हेच झालं. वरून त्या रुग्णालयातल्या बाबूने (नाव लिहीत नाही) मंगळवारीच हात पाहून, लाली मोजून 'पॉझिटिव्ह' ठोकून दिलं. लाली मोजायचीच नसते! बोटाला लागणारा कडक उंचवटा मिलिमीटरमध्ये मोजायचा असतो. दुरुस्ती मागितली तर 'साहेब दौऱ्यावर', मग 'शिक्का संपला', मग 'नवीन अर्ज करा'. यात गाडी गेली. लोकांच्या कामाचा असा खोळंबा करणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

तर सोमवारी किंवा मंगळवारी टोचा. दाखल्यावर चार गोष्टी लिहून घ्या: टोचल्याची तारीख-वेळ, वाचनाची तारीख-वेळ, उंचवटा किती मिमी, आणि छातीच्या एक्स-रेचा निष्कर्ष. लहानपणी बीसीजी (टीबीची लस) घेतलेल्यांची मॉन्टू टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. तसं झालं तर रक्ताची इग्रा चाचणी करा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. महाग आहे, पण माझ्या मते चकरांपेक्षा स्वस्त. मी डॉक्टर नाही, आणि केंद्रागणिक नियमही वेगळे असतात, तेव्हा आधी केंद्राला ईमेल करून कोणती चाचणी चालते ते लेखी मागवा. फोनवरच्या बोलण्यावर जाऊ नका.

कामाबद्दल विचारलंय. हत्तीला आंघोळ घालणं, पाठीवर बसणं डोक्यातून काढून टाका. काम म्हणजे चारा आणि लीद. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास हिरवा चारा खातो, त्यातला निम्माही पचत नाही. त्यामुळे फावडं-घमेलं सकाळीच हाती येतं. पण लीद नुसती उचलू नका, फोडून बघा. हत्तीला जन्मात दाढांचे सहाच संच येतात. शेवटचा झिजला की चारा चावला जात नाही, लिदीत लांबच लांब धागे दिसतात, जमिनीवर चोथ्याचे गोळे पडलेले सापडतात. असं दिसलं की लगेच माहुताला सांगा. म्हाताऱ्या हत्तीचा चारा तुम्हाला कापायला दिला तर चाराकटर (चारा कापणारा तिथला माणूस) सांगेल तेवढेच तुकडे करा, कंटाळून मोठे करू नका, पोटात गोळा अडकतो.

पायांचं काम बघायला मिळेल: कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय भिजवणं, मग कानशीने नखं घासणं. वर्षानुवर्षं डांबरावर आणि सिमेंटवर उभं राहिल्याने तळवे भेगाळतात, भेगेत खडा रुतला की आत पू होतो. तुमच्या वाट्याला बादली भरणं येईल, तेही अडसराच्या बाहेरून. मागून कधीच जाऊ नका. आंधळ्या हत्तीजवळ तर आधी बोलायचं, मग पाऊल टाकायचं.

आणि हो, घरच्या बागेतले केळीचे घड बांधून नेऊ नका. प्रेमापोटी सगळ्यांनाच वाटतं, पण फवारणी कधी झाली ते तिथल्या डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. न्यायचंच तर आधी विचारा. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर तिकडच्या धुक्यात गाड्या तासन् तास रखडतात, एक दिवस हाताशी ठेवा.

दाखल्याची मूळ प्रत जवळ असू द्या. आणि निघायच्या आठवड्यात खोकला सुरू झाला तर दाखला कितीही चोख असो, केंद्राला कळवून तारीख पुढे घ्या.