व्हल्कन गेला, रडला एकटा स्पॉक

प्रश्न : ताई, गेल्या अंकात तुम्ही 2009 च्या ‘स्टार ट्रेक’ला जाता जाता ‘निम्मा चांगला’ म्हणून गेलात. मला तो साफ फसलेला वाटतो. सुरुवातीलाच नायक कॅप्टन कर्कच्या वडिलांचा बळी, मग स्पॉकचा अख्खा व्हल्कन ग्रह गिळंकृत, स्पॉकच्या गळ्यात सहकारी उहुराचे हात, आणि आम्ही जपलेला सगळा इतिहास पुसून मोकळे! माझी मुलगी मात्र हाच चित्रपट पाहून फॅन झाली आणि मला म्हणते, ‘बाबा, तुम्हाला नवं काहीच चालत नाही.’ निम्मा चांगला म्हणजे कुठला निम्मा, ते एकदा सांगाच.
– एक जुना ट्रेकी (म्हणजे ‘स्टार ट्रेक’चा भक्त)

उत्तर : इतिहास पुसल्याचा आरोप आधी निकालात काढते, कारण तो खराच नाही. नीरो हा रोम्युलस ग्रहावरचा खलनायक 2387 मधून मागे फेकला जातो तो थेट 2233 मध्ये. तिथे तो कर्कचे वडील असलेल्या केल्विन या यानावर हल्ला करतो आणि काळाला फाटा फुटतो. या नव्या फाट्यावर जे घडतं त्याचा जुन्या वाटेला धक्का लागत नाही. 1966 ते 1969 मधले मूळ मालिकेचे 79 भाग आपल्या जागी शाबूत आहेत, आणि त्याची ग्वाही द्यायला त्या मालिकेतला स्पॉक, लिओनार्ड निमॉय, स्वतः म्हातारा स्पॉक बनून हजर आहे. रॉबर्टो ओर्सी आणि ॲलेक्स कर्ट्झमन या पटकथाकारांना याचे गुण द्यावेच लागतात. पाटी कोरी करून आपलंच घोडं दामटणारे रिबूट, म्हणजे जुन्या कथेचे नवे अवतार, पैशाला पासरी मिळतात. शिवाय तेव्हाची अवस्था आठवा. 2002 मध्ये ‘नेमेसिस’ हा स्टार ट्रेकपट आपटला होता, 2005 मध्ये ‘एंटरप्राइझ’ ही स्टार ट्रेकचीच मालिका गुंडाळली गेली होती. दिग्दर्शक जे. जे. अब्राम्सच्या हाती आलं ते काही भरल्या घरातलं सोनं नव्हतं.

चांगला निम्मा म्हणजे माणसं. कार्ल अर्बनने रंगवलेला यानावरचा डॉ. मॅकॉय पाहा. शटलमध्ये हा डॉक्टर घाबराघुबरा होऊन कर्कशेजारी येऊन बसतो, अंतराळात माणूस किती प्रकारांनी मरू शकतो याचा पाढा वाचतो, घटस्फोटात बायकोने सगळं नेलं म्हणून कुरकुरतो आणि खिशातली बाटली पुढे करतो. मिनिट-दीड मिनिटाचा प्रसंग. त्यात दोघांची जन्माची दोस्ती पटून जाते. मूळ मालिकेतल्या मॅकॉयची, डीफॉरेस्ट केलीची, लकब त्याने उचलली आहे, पण नक्कल वाटत नाही. कर्क झालेल्या ख्रिस पाइनने उलटा रस्ता धरला. मूळ कर्क असलेल्या शॅटनरचे ते तुटक तुटक संवाद त्याने जवळपास सोडूनच दिले, फक्त खुर्चीत बसायचा तोरा ठेवला. कोबायाशी मारू ही न जिंकता येणारी परीक्षा लबाडीने जिंकताना तो सफरचंद खातो. 1982 च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात त्याच लबाडीची कबुली देताना म्हातारा होत चाललेला कर्कही सफरचंदच खात असतो. ज्याला ठाऊक त्याला गंमत, ज्याला नाही त्याचं अडत नाही. जुन्या प्रेक्षकाला अशी दाद द्यावी!

उहुरा-स्पॉक प्रकरणावर तुम्ही उगाच चिडलात. व्हल्कन गेल्यावर लिफ्टमध्ये ती त्याला जवळ घेते आणि विचारते की तुला आत्ता काय हवंय. तो म्हणतो, सगळ्यांनी आपापलं काम चोख करावं. भावना दाबून तर्काने वागणारा स्पॉक म्हणतात तो हाच. दुःख गळ्याशी आलंय आणि उत्तर ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याचं.

आता वाईट निम्मा. लोक कॅमेऱ्यात मारलेल्या झगझगीत प्रकाशाच्या तिरिपींवर दात-ओठ खातात, कर्कच्या एंटरप्राइझ यानाची इंजिनरूम लॉस एंजेलिसमधल्या बिअरच्या कारखान्यात चित्रित केली म्हणून नाकं मुरडतात. पाइप बघून मलाही हसू आलं. पण ही किरकोळ दुखणी झाली. माझं खरं भांडण व्हल्कनवरून आहे, आणि तेही तो नष्ट केला म्हणून नाही. कथेत काहीही नष्ट करा. सहा अब्ज जीव गेले, स्पॉकच्याच अंदाजाने जेमतेम दहा हजार उरले, आणि त्याचं सगळं दुःख पटकथेने एकट्या स्पॉकच्या खात्यावर टाकलं. त्याची आई गेली, तो कर्कचा गळा धरतो, बापाशी दोन शब्द बोलतो. हे प्रसंग चांगलेच आहेत. पण बाकीच्या जहाजाचं काय? शेवटी कर्कला पदक मिळतं, टाळ्या पडतात, थट्टामस्करी सुरू होते. फेडरेशनचा, म्हणजे ग्रहांच्या संघाचा, आधारस्तंभ असलेला ग्रह गेल्याचं सावट त्या सभागृहात कुठेच दिसत नाही.

आणि नीरो. हा मुळात खाणकामगार. त्याचा ग्रह गेला, गरोदर बायको गेली. एवढं भांडवल असलेला खलनायक मिळूनही ती भूमिका करणाऱ्या एरिक बानाला दात विचकण्यापलीकडे फार काम नाही. नीरोची मधली वर्षं क्लिंगन या परग्रहवासीयांच्या तुरुंगात गेली, ही दृश्यं चित्रित झाली होती. ती संकलनात उडाली. त्यामुळे कर्क जन्मापासून मिसरूड फुटेपर्यंत हा गृहस्थ एवढं अजस्र यान घेऊन करत काय होता, हा प्रश्न पडद्यावर लोंबकळतच राहतो.

मूळ मालिकेतला, मार्च 1967 मधला ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग आठवतो? तिथेही खाणकामगारच आहेत. दगड पोखरत जाणारा एक प्राणी, हॉर्टा, त्यांना एकेक करून मारतोय. प्राणी म्हणजे रबराचा गोळा, आत माणूस रांगतोय हे लपतही नाही. सगळे बंदुका घेऊन निघतात. मग स्पॉक मनाशी मन जोडतो आणि कळतं, की खाणीत सापडणारे जे वाटोळे दगड कामगार फोडून टाकत होते ती तिची अंडी होती. ती आई होती. मॅकॉय तिच्या जखमेला चक्क बांधकामाचं काँक्रीट थापतो, आणि शेवटी कामगार आणि हॉर्टा यांच्यात समझोता होतो : तिच्या पिल्लांनी बोगदे खणायचे, यांनी खनिज गोळा करायचं. तुटपुंज्या पैशांत केलेला भाग, पण डोक्यात घर करून राहतो.

2009 मध्येही कर्क नीरोला मदत देऊ करतो. त्यावर स्पॉक त्याला बाजूला घेऊन विचारतो, हे काय चालवलंय? कर्क दयेचं आणि शांततेचं गणित मांडतो, स्पॉकला ते या वेळी पटत नाही, नीरो नकार देतो, आणि तोफा सुटतात. प्रेक्षागृहात हशा, शिट्ट्या. ज्याने हॉर्टाच्या वेदना स्वतःच्या मनात घेतल्या तोच स्पॉक इथे सूडाच्या बाजूला उभा. आई गेलेल्या तरुणाला राग येणारच, ते मी समजू शकते. पण त्या रागाची किंमत त्याला पुढच्या प्रसंगात तरी मोजायला लावायची होती. पटकथेने त्याचा विनोद केला. तो निम्मा मी सोडून देते.

मुलीशी वाद घालू नका. हॉर्टाचा भाग लावा आणि शेजारी गप्प बसा. रबराला हसेल, हसू द्या.

प्रश्न : कृष्णविवर टाकून ग्रह गिळणं, एका सुपरनोव्हाने (ताऱ्याच्या स्फोटाने) आकाशगंगा धोक्यात येणं, यात विज्ञान किती?
– विज्ञानाची एक विद्यार्थिनी

उत्तर : चिमूटभर. सुपरनोव्हाचा जिवाला धोका साधारण काही डझन प्रकाशवर्षांच्या आत. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद. शिवाय स्फोटाचा प्रकाशसुद्धा शेजारच्या ताऱ्यापर्यंत पोचायला वर्षं लागतात, तेव्हा रोम्युलसला गाशा गुंडाळायला भरपूर वेळ मिळायला हवा होता. कृष्णविवराचं म्हणाल तर पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचं विवर जेमतेम 2 सेंटिमीटर व्यासाचं होईल, आणि त्या ग्रहाभोवती फिरणारा चंद्र होता तसाच फिरत राहील. लांबचं काही ते ओढून घेत नाही. चित्रपटातल्या लाल पदार्थाचा एक थेंब हे सगळं घडवतो, यावर बोलण्यासारखं काही नाही.

एक जागा मात्र झकास. केल्विनवरच्या हल्ल्यात भिंत फाटून एक जण बाहेर फेकला जातो आणि त्या क्षणी किंकाळी, स्फोट, सगळा आवाज बंद. पोकळीत ध्वनी जात नाही हे अंतराळपटांना सहसा आठवत नाही.

योगायोगांचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगते. कर्कला बर्फाळ ग्रहावर फेकलं जातं, तो पळत ज्या गुहेत शिरतो तिथेच म्हातारा स्पॉक बसलेला, आणि चालत जाण्याच्या अंतरावर यानाचा पुढचा अभियंता स्कॉटी! विज्ञानापेक्षा हे पचवणं मला जास्त जड गेलं.

प्रश्न : पुढचे दोन भाग पाहावेत का?
– 2009 चा चित्रपट आवडलेला एक वाचक

उत्तर : 2013 चा ‘इंटू डार्कनेस’ पाहण्याआधी 1982 चा ‘द रॅथ ऑफ खान’ पाहा, नाहीतर काय उसनं घेतलंय ते कळणार नाही. तिथे स्पॉक मरतो, इथे त्याच प्रसंगात अदलाबदल करून कर्क मरतो आणि खलनायक खानच्या रक्ताने लगेच उठून बसतो. मरणाची अशी स्वस्ताई मला खपत नाही. 2016 चा ‘बियॉन्ड’ मात्र जरूर पाहा. सायमन पेगने, म्हणजे पडद्यावरच्या स्कॉटीनेच, त्याच्या लेखनात हात घातला आहे, आणि जखमी स्पॉक व कुरकुऱ्या मॅकॉय यांना एका ग्रहावर एकत्र अडकवलं आहे. तिन्हींत मला हाच सर्वात जवळचा. तिकीटबारीवर तिन्हींत हाच मागे पडला, त्याला माझा इलाज नाही.