भाव ‘नाही’ म्हणजे नक्की काय नाही? फंक्शनने काय परत द्यावं याबद्दल

तुमची अडचण अशी दिसते: शेतकरी गटाच्या ॲपसाठी जावामध्ये लिहिलेलं ‘भाव शोधा’ हे फंक्शन पीक आणि तारीख घेतं, आणि तालुक्याच्या बाजार समितीतला त्या दिवशीचा भाव डबलमध्ये, म्हणजे दशांश आकड्याच्या प्रकारात, परत देतं. भाव नसला तर उणे एक. सोबतचा एक जण म्हणतो नल (‘काहीच नाही’ची खूण) द्या, दुसरा म्हणतो ऑप्शनल (उत्तर असेल किंवा नसेल असा डबा), तिसरा म्हणतो एक्सेप्शन (काम थांबवणारी चुकीची सूचना) फेका. त्यांचं भांडण मिटेल तेव्हा मिटेल, पण उणे एक मात्र आजच काढा, भाऊ.

धरा, सोमवारी कापूस ७,६००, मंगळवारी समिती बंद, बुधवारी ७,८००. सरासरी यायला हवी ७,७००. तुमच्या फंक्शनवर ती येते ५,१३३. पडद्यावर आकडा व्यवस्थित दिसतो, कुठेही लाल अक्षर नाही, आणि बघणारा म्हणतो बाजार पडला. ‘हमीभावापेक्षा कमी’ असा मेसेज पाठवणारा कोड लांब धाग्याच्या कापसाच्या २०२४-२५ च्या ७,५२१ रुपये हमीभावाशी तुलना करत असेल, तर उणे एक कायम कमीच भरणार. पोळ्याच्या सुट्टीतही सगळ्या सभासदांचे फोन वाजतील. डबलचं ‘नॉट अ नंबर’ दिलं तर उलटी गत. त्याच्याशी लहानमोठेपणाची कुठलीही तुलना खोटीच ठरते, म्हणून मेसेज जातच नाही आणि का गेला नाही तेही कळत नाही. पायथनमध्येही हाच सापळा आहे: स्ट्रिंगचं फाइंड न सापडल्यास उणे एक देतं, आणि उणे एक हा तिथे शेवटच्या अक्षराचा वैध क्रमांक असतो. खुणेचा आकडा पुढच्या हिशेबात खरा आकडा म्हणून खपला, की चूक सापडत नाही.

नल निदान आपटतो तरी. पण आपटतो भलत्या जागी. मोठ्या ‘डी’चा डबल (ज्यात नलही बसतो) नल होऊन आला आणि कॉलरने, म्हणजे फंक्शन बोलावणाऱ्या कोडने, तो साध्या डबलमध्ये ठेवला, की नलपॉइंटर एक्सेप्शन कॉलरच्या ओळीवर येतं, मूळ कारण तीन फंक्शनं मागे. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या प्रोग्रामिंग भाषेत नल आणणारे संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी स्वतःच २००९ मध्ये त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. फंक्शनच्या सहीत, म्हणजे ते काय घेतं आणि काय देतं हे सांगणाऱ्या ओळीत, नुसतं ‘डबल’ लिहिलेलं असेल तर आत नल येऊ शकतो हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही, खरा दोष तो.

ऑप्शनल जावा ८ मध्ये, २०१४ ला आला, तो याचसाठी: उत्तर नसूही शकतं हे सहीतच दिसावं. जावाची स्वतःची लायब्ररी बघा. आकड्यांच्या स्ट्रीमची (एकामागून एक येणाऱ्या मूल्यांच्या ओघाची) बेरीज साधा आकडा देते, कारण रिकाम्या यादीची बेरीज शून्यच. सरासरी मात्र ऑप्शनल-डबल देते, कारण रिकाम्या यादीला सरासरीच नसते. हा फरक आपल्या प्रत्येक फंक्शनला लावून पाहा. ऑप्शनल फक्त परत देण्यासाठी ठेवा, फील्ड (क्लासमधली साठवलेली माहिती) आणि पॅरामीटरमध्ये (फंक्शनला दिलेल्या माहितीत) घालू नका. ऑप्शनल देणाऱ्या फंक्शनमधून नल परत करणं म्हणजे कुंपणानेच शेत खाणं.

तरीही तुमच्या कामाला ऑप्शनल पुरणार नाही असं माझं मत. तुमच्याकडे ‘नाही’ एका प्रकारचा नाही. समिती बंद होती. समिती चालू होती, पण जुलैत कापसाची एक गाडीही आली नाही. हर्रास झाला, पण नोंद अजून चढली नाही. कोणीतरी ‘सोयाबीन’ऐवजी ‘सोयबीन’ लिहिलं. सर्व्हरपर्यंत नेटच पोचलं नाही. शेतकऱ्यासाठी या पाचांचा अर्थ वेगळा आहे: पहिल्या दोनांत माल गाडीत भरायचाच नाही, तिसऱ्यात संध्याकाळी परत बघायचं. रिकामा ऑप्शनल पाचांनाही एकच तोंड देतो.

वाटणी अशी करा. पहिले तीन ही बाजारातली रोजची खरी उत्तरं आहेत, ती परत द्या. चुकीचं पिकाचं नाव ही कॉलरची चूक. तिथे इल्लीगल-आर्ग्युमेंट एक्सेप्शन, आणि संदेशात आलेलं नाव जसंच्या तसं छापा. नेट तुटणं हे आय-ओ एक्सेप्शन. परत द्यायच्या उत्तरांसाठी ‘भावउत्तर’ नावाचा सील्ड इंटरफेस (ज्याचे प्रकार आधीच ठरलेले असतात असा) करा आणि त्याखाली चार रेकॉर्ड (नावं दिलेल्या माहितीचे छोटे साचे): मिळाला, बंद, आवक नाही, नोंद बाकी. सील्ड जावा १७ पासून आहे. २१ मध्ये स्विच (प्रकारानुसार वाट निवडणारी रचना) त्याच्यावर चालतो, आणि चारपैकी एक प्रकार राहिला तर कंपायलर अडवतो. मात्र ‘डीफॉल्ट’ (बाकी सगळ्यांसाठीची वाट) लिहिलात की ही राखण संपली. पुढे पाचवा प्रकार वाढवला की सगळ्या कॉलरचा कोड अडेल. गटाच्या आतल्या वापराला ते चांगलंच, पण लायब्ररी बाहेर वाटणार असाल तर प्रकार आधीच नीट मोजून घ्या.

‘मिळाला’ यात एकटा आकडा नको. समितीच्या फलकावर किमान, कमाल, सर्वसाधारण आणि आवक अशा चार गोष्टी असतात. त्या तीन-चार आकड्यांच्या ॲरेमध्ये दिल्या तर शून्याव्या जागी किमान की सर्वसाधारण, हे कोणीतरी चुकवणारच. रेकॉर्ड करा आणि नावातच एकक घाला: ‘रुपये प्रति क्विंटल’, ‘आवक क्विंटल’. काट्यावर किलो असतो आणि भाव क्विंटलचा, म्हणजे चूक शंभर पटीची. पैशाला डबल नको, ०.१ अधिक ०.२ तिथे ०.३०००००००००००००००४ होतं. पूर्णांकात पैसे ठेवा किंवा बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा जावाचा प्रकार) वापरा. बिगडेसिमल स्ट्रिंगपासून बनवा, आणि ‘इक्वल्स’ने तुलना करू नका: त्याला ७६००.० आणि ७६००.०० वेगळे वाटतात. ‘कम्पेअर-टू’ वापरा.

महिन्याचे भाव देणारं फंक्शन असेल तर यादी द्या, काही नसेल तर रिकामी यादी, नल कधीच नाही. आतली यादी थेट देऊ नका, कोणी ती सॉर्ट केली की तुमचाच कॅश (जपून ठेवलेली प्रत) उलटापालटा. ‘अनमॉडिफायेबल-लिस्ट’ फक्त झाकण ठेवतं, खालची यादी बदलली की वरूनही बदललेली दिसते; जावा १० पासूनचं ‘लिस्ट.कॉपी-ऑफ’ खरी प्रत देतं. स्ट्रीम परत देण्याचा मोह होतो, पण तो एकदाच वापरता येतो. दुसऱ्यांदा हात लावला की इल्लीगल-स्टेट एक्सेप्शन.

आणि भाव नोंदवणाऱ्या ‘नोंदवा’ फंक्शनचं बूलियन, म्हणजे नुसतं ट्रू किंवा फॉल्स असं उत्तर. जुन्या फाइल क्लासचं डिलीट नुसतं फॉल्स देतं, कारण सांगत नाही. म्हणून जावा ७ मध्ये फाइल्स.डिलीट आलं, ते फाइल नव्हती की फोल्डर रिकामा नव्हता हे वेगवेगळ्या एक्सेप्शनने सांगतं. तुमचं फॉल्स ‘आधीच नोंद आहे’ एवढंच सांगत असेल तर राहू द्या, नाहीतर काढा.

बदल करताना एक जपा. जावामध्ये परत देण्याचा प्रकार मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) बायनरी, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमधल्या, ओळखीत धरला जातो. ‘लिस्ट’चं ‘ॲरेलिस्ट’ केलं तर कॉलरचा सोर्स सहसा बिनतक्रार कंपाइल होतो, पण आधी कंपाइल झालेलं जार (जावाची तयार फाइल) चालवताना नो-सच-मेथड एररने पडतं. वेबवरून जेसन (माहिती पाठवायचा मजकूर-साचा) देत असाल तर तेच दुखणं वेगळ्या रूपात: नेट जेमतेम असलेल्या गावातल्या फोनवर जुनं ॲप महिनोन्‌महिने तसंच असतं. म्हणून वरच्या पातळीवर उघडी यादी देऊ नका, ऑब्जेक्टमध्ये ‘भाव’ या नावाखाली द्या, म्हणजे उद्या ‘पुढचं पान’ किंवा ‘स्थिती’ जोडता येईल. आणि जुनं ‘भाव शोधा’ लगेच पुसू नका. नवीन फंक्शनला वेगळं नाव द्या, जुन्यावर डेप्रिकेटेडची (‘आता वापरू नका’ अशी) खूण करा. जुनं आतून नवीनच बोलावू दे, पण भाव नसेल तेव्हा उणे एकऐवजी एक्सेप्शन फेकू दे, आणि तसं रिलीज नोटमध्ये पहिल्याच ओळीत लिहा.