पावसात ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचतं, गॅरेजवाला पुढची काच बदलायला सांगतोय. बदलू का?

नका बदलू. पाणी कुठून येतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत तर मुळीच नको.

तुमची गाडी २००३ ची मारुती ८००, काचेभोवतीच्या रबरी पट्टीवरून, म्हणजे बीडिंगवरून, सिलिकॉन फिरवून झालंय, तरी मॅटखाली तळं, आणि आता काच बदलायचा सल्ला. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे जवळपास असंच झालं.

गाडी अण्णांची, १९९७ ची ८००. अण्णा गेल्यापासून देवरुखात मीच चालवते. एका जूनमध्ये क्लचपाशी पाणी दिसायला लागलं. गॅरेजवाल्याने आधी काचेभोवती सिलिकॉन ओतलं. पाणी थांबलं नाही. मग बीडिंग नवीन घातली, तरी थांबलं नाही. मग म्हणाला, "मॅडम, जुनी गाडी, त्यात आपल्याकडचा पाऊस. थोडंफार येणारच." पुण्याहून दादाचा फोन, "भंगारात काढ, लोखंड कसलं सांभाळत बसलीस?" दोघांनाही पाणी कुठून येतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. जुनी गाडी गळणारच, असं काही नसतं. पाण्याला वाट लागते, आणि ती वाट कुठेतरी कुणीतरी किंवा कशानेतरी केलेली असते.

मी ड्रायव्हरची सीट काढली, मॅटिंग उचललं, खालचा नमदा बाहेर काढून पिळला. पत्रा पुसून कोरडा केला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. शेजारचा बारावीतला मुलगा पाइप घेऊन बाहेर, मी आत टॉर्च घेऊन, डोकं स्टिअरिंगखाली. पाणी खालून वर न्यायचं. आधी नुसता दरवाजाचा खालचा भाग, मग दरवाजाच्या काचेची पट्टी, मग बॉनेटची मागची कड, सगळ्यात शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. एकेका जागी चांगला वेळ द्यायचा. आणि पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून फवारा मारू नका, त्या जोराने पावसात कधी जाणार नाही तिथेही पाणी घुसतं.

दरवाजावर आणि त्याच्या काचेच्या पट्टीवर पाणी मारलं, आत काही नाही. वायपरखालच्या जाळीत पाइप सोडला आणि थोड्या वेळाने दिसलं. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि आपली बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून, आत येणाऱ्या वायरिंगच्या काळ्या टेपवरून एक थेंब सरकत आला. वायर जिथे खाली झुकते तिथे थांबला, फुगला, आणि क्लचच्या बाजूला टपकला. त्याच्यामागे दुसरा. पावडरवर बरोबर तिथेच रेघ उमटत गेली. पुढच्या काचेपासून ती जागा चांगली लांब होती.

झालं होतं असं. आंबा घाटातल्या धुक्यासाठी अण्णांनी फॉग लॅम्प बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने वायर आत घेताना कंपनीच्या रबरी ग्रोमेटला, म्हणजे वायरीच्या भोकात बसवलेल्या रबरी कड्याला, ब्लेडने चीर दिली आणि तशीच सोडली. वर जाळीखाली शेवग्याचा पाला कुजून काळी माती झालेली, त्यामुळे निचऱ्याची वाट बंद. पाणी तुंबायचं, कडेवरून फायरवॉलवर उतरायचं, वायर पकडायचं आणि तिच्यावरून आत. गाडीत दोष काहीच नव्हता. पाला उपसला, नवा ग्रोमेट घातला, आणि वायर आत शिरण्याआधी तिला बाहेरच्या बाजूला खाली झोळ दिला. झोळ असला की पाणी सगळ्यात खालच्या जागी गळून पडतं, वर चढून आत येत नाही. ग्रोमेटला लागलेले पैसे सांगायच्या लायकीचेही नाहीत. बीडिंगचे मात्र सांगण्यासारखे होते.

तुमच्याकडे हेच असेल असं नाही, पण पाइप हातात घ्यायच्या आधी जाळीखालचा पाला बघा. मग दरवाजे. काचेच्या पट्टीतून पाणी दरवाजाच्या पोटात जाणं नेहमीचंच आहे, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं मातीने बुजली, किंवा स्पीकर बसवताना दरवाजाच्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकलेला असला, की तेच पाणी आत येतं. स्पीकरवाले तो कागद परत लावायचे कष्ट घेत नाहीत. ऊन असतानाही ओलं होत असेल आणि ते डाव्या बाजूला असेल, तर एसीच्या कूलिंग कॉइलची निचऱ्याची नळी बघा. चिकट, गोडसर वासाचं पाणी असेल आणि काच आतून तेलकट धुरकट होत असेल, तर तो पाऊस नव्हे, हीटरमधला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आहे.

सिलिकॉनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाथरूमच्या फटीला लावायचं ते व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन पत्र्याला लावूच नये. त्यातून सुटणारं आम्ल पत्रा गंजवतं, आणि एकदा ते फासलं की नंतर त्यावर ना रंग धरत, ना चांगला सीलंट. शिवाय बाहेरून थर दिला की आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. लावलेलं सिलिकॉन आधी पूर्ण खरवडून काढा.

गळती मिटली तरी मॅटिंग लगेच परत घालू नका. वरून रेक्झिन कोरडं दिसतं आणि खाली नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहतो, तिथेच पत्रा सडतो. आम्ही नमदा फेकूनच दिला. गंज खरवडून रेड ऑक्साईड आणि रंग मारला आणि गाडी काही दिवस मॅटिंगशिवाय चालवली.

दादा आजही म्हणतो की या सगळ्या खटाटोपापेक्षा नवीन गाडीचा हप्ता परवडतो. हप्ता कसा परवडतो ते त्याने मला एकदा कागदावर मांडून दाखवावं. शिवाय त्याच्या नव्या गाडीला सनरूफ आहे, त्याच्या चारही कोपऱ्यांतून निचऱ्याच्या नळ्या येतात आणि त्याही पाल्यानेच तुंबतात. झाडाखाली उभी केलेली कोणतीही गाडी साफ ठेवावीच लागते. गळती शोधायला एक दुपार लागते, ती द्यायची नाही आणि दोष गाडीच्या वयाला द्यायचा, हे मला पटत नाही.

काही गोष्टी राहिल्या. गाडी तुम्ही जुनी घेतली असेल, तर ती पुरातून निघालेली नाही ना बघा. चिपळूणच्या २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेषा दिसली तर प्रश्न गळतीचा उरत नाही. दुसऱ्या कुठल्या, एअरबॅग असलेल्या गाडीवर कुणी हे करत असेल तर बॅटरी काढून ठेवल्याशिवाय सीटखालच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका.

आणि पाइपाच्या तपासणीत खरंच काचेच्या कोपऱ्यातून पाणी आलं, तर बीडिंगखालची चौकट गंजलेली असू शकते. तेव्हा काच काढावीच लागेल. चौकटीचा गंज काढून, रंग वाळवून, नवी बीडिंग घालायची. ८०० ची काच रबरात बसते, खाचेत दोरी घालून आतून ओढत बसवतात, त्यामुळे जाणता माणूस असेल तर तुमची आहे तीच काच परत लागते. नव्या काचेचे पैसे द्यायचं काही कारण नाही.