मेयोच्या खंडापासून सुरुवात कर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आयर्लंडवरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. 1916 चा ईस्टरचा उठाव, डब्लिनचं पोस्ट ऑफिस, गोळ्या घातलेले पुढारी, सगळं मन लावून लिहिलं आहेस. पण साध्या आयरिश कुळाला इंग्रजांचं राज्य भेटायचं ते जमिनीचा खंड भरायच्या दिवशी. तो दिवस तुझ्या टिपणात नाही.

त्यासाठी आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात जा. 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसं दगावली. त्या काळातही धान्य आणि गुरं जहाजांतून इंग्लंडला जातच होती. त्याच दुष्काळात, 1846 साली, मेयोत मायकेल डेव्हिट जन्मला. तो चार वर्षांचा असताना खंड थकला म्हणून घरच्यांना हुसकावलं. अकराव्या वर्षी लँकेशायरच्या कापडगिरणीत त्याचा उजवा हात गेला. 1879 मध्ये लँड लीग ही कुळांची संघटना उभी केली ती याच माणसानं. तुझ्या टिपणात त्याच्यावर एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं.

पुढच्याच वर्षी मेयोत जमीनदार लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट यानं कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा काढल्या. गावानं त्याच्याशी व्यवहारच तोडला. गडी काम सोडून गेले, लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, जवळच्या बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात. शेतातलं पीक काढायला उत्तरेकडच्या अल्स्टरहून 50 मजूर आणावे लागले आणि त्यांच्या राखणीला फौज. पीक 500 पौंडांच्या आसपासचं, खर्च सुमारे 10,000. नोव्हेंबर संपता संपता साहेब मेयो सोडून गेला. पुढे टिळकांच्या काळात आपल्याकडे गाजलेला ‘बॉयकॉट’ हा शब्द म्हणजे याचं आडनाव.

इथे मात्र घाईनं टाळी वाजवू नकोस. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्या गावांना चांगलं ठाऊक आहे. इथे ते बहुधा दुबळ्यावरच चाललं. मेयोत ते मालकाच्या माणसावर उलटलं, म्हणून मला ती माणसं मोठी वाटतात. पण त्याच वर्षी सप्टेंबरात एनिस गावच्या सभेत लँड लीगचा अध्यक्ष पार्नेल यानं ज्याला एकटं पाडायला सांगितलं, तो होता हुसकावलेल्या कुळाची जमीन कसायला घेणारा. तोही बहुतेक वेळा गरीबच असायचा, पोटासाठी आलेला. पुढच्या टिपणात त्याच्याबद्दलही लिही. महिनाअखेरपर्यंत पाठवलंस तरी चालेल.

तुझा,
सर