वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं : कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही नको

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय 24) बेळगावात कापडाच्या एका होलसेल दुकानात चार वर्षं कामाला होता. मोटारसायकलवरून नंदगड, जांबोटी, लोंढा भागातल्या दुकानदारांकडून उधारीची वसुली आणायचा. गेल्या वर्षभरात त्यातले 1 लाख 12 हजार रुपये त्यानं वापरले. भिशी बुडाली, तिची देणी भागवत होतो म्हणतो. मालकांनी त्याला रात्री अकरापर्यंत गोदामात बसवून कबुली लिहून घेतली. आता म्हणतात, तीन लाख द्या, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करा, वर एक चेक द्या, नाहीतर सात वर्षं आत घालतो. परवा पोलीस ठाण्याची कन्नडमधली नोटीस आली. घरात कुणालाच वाचता येत नाही. वडिलांनी जेवण सोडलंय. खरंच सात वर्षं होतील का? शेत गहाण ठेवून पैसे भरावेत का?
– एक बहीण, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी वडिलांना जेवायला बसवा. नोटीस म्हणजे अटक नव्हे. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती चौकशीला हजर राहण्याची नोटीस असावी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खालची. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 सालीच अर्नेशकुमार खटल्यात बजावलंय. दिलेल्या तारखेला भाऊ ठाण्यात गेला, तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. गेला नाही, तर मात्र ते कारण तोच त्यांच्या हातात देईल. कन्नड वाचणारा माणूस शोधा आणि आजच्या आज तारीख बघून घ्या.

आता सात वर्षं. हा आकडा मालक लोकांना फार आवडतो. कायद्यात तो आहेच, पण 'सात वर्षांपर्यंत' असा आहे. उद्यमबागेतल्या फौंड्रीतला कामगार जेवणाच्या डब्यातून पितळेचे तुकडे गेटबाहेर नेतो, ती नोकरानं केलेली चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम 306. तुमच्या भावाचं तसं नाही. पैसे मालकाच्या गल्ल्यात पोचलेच नाहीत, विश्वासानं त्याच्या हाती दिलेले होते. हा विश्वासघात, कलम 316 चं पोटकलम 4. जुन्या दंडसंहितेत हेच 408 होतं आणि आमच्या बाररूममध्ये अजून 'चारशेआठ'च म्हणतात. 1 जुलै 2024 पासून आकडे बदलले, कमाल शिक्षा दोन्हीकडे तीच राहिली.

गंमत अशी की, असा खटला सहसा ज्यांच्यापुढे चालतो त्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांहून जास्त कैद देताच येत नाही. त्याहून कडक शिक्षा हवी असं वाटलं, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. म्हणजे मालकांनी दाखवलेल्या सातातली चार वर्षं पहिल्याच पायरीवर गळली.

उरलेल्या तिनाचं काय होईल, हे बरंचसं भावावर आहे. न्यायाधीश शिक्षेच्या वेळी काय बघतात? रक्कम बघतात, पण त्याहून जास्त बघतात ती रीत. खोट्या पावत्या फाडल्या का? वहीत खाडाखोड केली का? केली असेल तर हिशेब खोटे केल्याचं कलम 344 वेगळं लागतं, त्यालाही सात वर्षांपर्यंत. तुमच्या पत्रात याबद्दल अक्षर नाही, म्हणून विचारतो. भावाला समोर बसवून खरं काढून घ्या. वकिलापासून लपवलेली पावती कोर्टात निघते तेव्हा माझ्यासारख्याची जी फजिती होते, ती मी दोनदा भोगलीय.

पहिलाच गुन्हा असेल, तर 1958 चा परिवीक्षा कायदा आहे. दोषी ठरवूनही न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं आणि नुकसानभरपाई भरायला सांगू शकतं. वय 21 च्या आत असतं, तर तुरुंगात का पाठवतोय याची कारणं न्यायाधीशांनाच लिहावी लागली असती. चोविशीत तेवढी सवलत नाही, पण दार बंदही नाही. आरोप निश्चित झाल्यावर 30 दिवसांच्या आत गुन्हा कबूल करून तडजोडीचा अर्जही करता येतो. त्यात पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला शिक्षेच्या एक षष्ठांशावर सोडवता येतं. एक मात्र डोक्यातून काढा. 'पाच हजारांच्या आतल्या चोरीला फक्त समाजसेवा' असं बरेच जण ऐकून येतात. ती सवलत साध्या चोरीच्या कलमात आहे, पहिल्या गुन्ह्यापुरती आणि माल परत केल्यावर. तुमच्या कलमात ती नाही, आणि रक्कमही कुठल्या कुठे गेलीय.

आणि हो, भावानं गुन्हा केलाय. भिशी बुडाली म्हणून नंदगडच्या दुकानदारानं मालकासाठी दिलेले पैसे भावाचे होत नाहीत.

पैसे भरा, पण घेतले तेवढेच. मालकांकडून उधारीच्या खात्याचा लेखी हिशेब मागा आणि दुकानदारांकडच्या पावत्यांशी ताडून बघा. 1 लाख 12 हजार निघाले, तर तेवढे बँकेतून द्या आणि कशाचे दिले ते लिहिलेली पोच घ्या. शक्य तेवढे आधी, उरलेले हप्त्यानं. तीन लाखांसाठी शेत गहाण टाकू नका. पैसे परत केल्यानं गुन्हा पुसला जात नाही. मात्र मालक राजी असतील, तर न्यायालयाच्या परवानगीनं हा गुन्हा आपसात मिटवता येतो. तो मिटतो न्यायाधीशांसमोर, गोदामात नाही.

चेक तर मुळीच देऊ नका. वटला नाही की चेकच्या कायद्यातल्या कलम 138 ची दुसरी केस, दोन वर्षांपर्यंतची. आज एक खटला आहे, उद्या दोन होतील. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तीन लाखांचे पाच लाख लिहायला कितीसा वेळ लागतो?

गोदामातल्या कबुलीनं घाबरू नका. दाराआड बसवून घेतलेल्या लिखाणाला न्यायालयात आव्हान देता येतं. हे सदर वाचणाऱ्या दुकानमालकांनाही सांगतो, नोकराला असं अडकवून ठेवणं हा कलम 127 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पैसे बुडाले म्हणून पोलिसांचं काम आपल्या हातात येत नाही.

राहिली कन्नडची गोष्ट. आपल्या भागात निम्मी भीती लिपीची असते. ठाण्यात जबाबाचा कागद पुढे आला, त्यावर 'हेळिके' असं काहीतरी लिहिलेलं असलं, तर 'मला मराठीत समजावून सांगा' म्हणायला भावानं लाजू नये. न समजलेल्या कागदावर सही करू नये. पुढे खटला उभा राहिला, तर आरोप आणि साक्षी आरोपीला कळणाऱ्या भाषेत सांगाव्या लागतात. आपला वकीलही ते मागू शकतो.

वकिलाची फी झेपत नसेल, तर बेळगावच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. घरचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर फुकट वकील मिळतो. जाताना उत्पन्नाचा दाखला, आधार, ती नोटीस आणि भावाकडच्या जुन्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती घ्या. पावतीपुस्तकं अजून घरात आहेत ना? जाळली नसतील, तर जपून ठेवा.