१४ वर्षं झाली, मी तिथंच आहे : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत "अडकून पडलोय" असं सांगणारी पत्रं बरीच होती, त्यातली तीन घेतलीयत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण त्यात जे लिहिलंय ते खूप जणांच्या घरात चाललेलं आहे पण कुणी बोलत नाही.

प्रश्न : ताई, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, वय ४१. १४ वर्षं झाली, तेच दुकान तीच गादी. सौदे, पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीची बिलं), हमाली-तोलाई, रोजमेळ, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या एंट्र्या, सगळं डोळे झाकून करतो. मालकांचा विश्वास आहे, पगार वेळेवर आहे, तक्रारीला जागा नाही. पण मागच्या वर्षी एक पोरगा कामाला आला, बीकॉम झालेला, आणि मला अर्धा दिवस लागणारा आठवड्याचा हिशेब तो एक्सेलमध्ये चहा यायच्या आत काढून दाखवतो. तेव्हापासून धड झोप नाही. यूट्यूबवर एक्सेलचा कोर्स तीनदा चालू केला, तीनदा सुटला, मधे विश्रामबागला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला तो पण दीड महिन्यात बंद. घरी म्हणतात तुमच्याच्यानं एक काम तडीला जात नाही. खरंच वय निघून गेलंय का माझं?

उत्तर : दादा, वय गेलेलं नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर आहे. "डोळे झाकून करतो" असं तुम्ही लिहिलंय ना, सगळी गोष्ट तिथंच आहे.

कुठलंही काम शिकताना सुरुवातीला माणूस प्रत्येक गोष्टीकडे लक्ष देतो, चुकतो, दुरुस्त करतो, मग हळूहळू हात बसतो आणि शेवटी काम आपोआप होतं, डोकं लावावंच लागत नाही. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हे टप्पे मांडलेत. हात बसणं वाईट नाहीच, ते नसतं तर भर हंगामात पट्ट्यांचा ढीग तुम्ही कसा उपसला असता! पण ज्या दिवशी काम आपोआप व्हायला लागतं त्या दिवसापासून त्यातलं शिकणं थांबतं. त्यामुळं १४ वर्षं काम केलं म्हणजे १४ वर्षं सराव झाला असं होत नाही, सराव बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच झाला, पुढं नुसतं काम झालं. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही, सगळ्यांचंच असं होतं, शिक्षकांचं, ड्रायव्हरांचं, आमचं लिहिणाऱ्यांचंपण.

आता कोर्स तीनदा का सुटला ते बघू. व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि माऊस हातात घेतला की काहीच सुचत नाही, कारण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. शिवाय त्या कोर्समधला हिशेब कुठल्यातरी परक्या कंपनीच्या विक्रीचा असतो, तो जुळला काय नाही जुळला काय, तुमचं कुणी अडत नाही. म्हणून कोर्स सध्या बाजूला ठेवा. मागच्या एका आठवड्याच्या स्वतःच्या दुकानातल्या पट्ट्या घ्या आणि एक्सेलच्या शीटमध्ये भरा, तारीख, शेतकऱ्याचं गाव, पोती, वजन, दर, रक्कम, बस्स. पहिल्या आठवड्यात फक्त बेरीज लावायला शिका आणि ती टॅलीच्या आकड्याशी ताडून बघा. ताळा जुळला नाही तर कुठं चुकलं ते शोधा, आणि हे शोधणं कंटाळून सोडू नका, कारण खरं शिकणं त्या शोधण्यातच होतं. मग गाववार बेरीज, त्याला समइफ नावाचं सूत्र आहे. ते हातात बसलं की पिव्होट टेबल, म्हणजे एक्सेल स्वतःच गट पाडून बेरजा काढून देतं ते, तोच दुकानातल्या त्या पोराचा चहा यायच्या आतला हिशेब. पण तिथं उडी मारायची नाही. आज जे जमतंय त्याच्या एकच पायरी वर, रोज.

वेळ कधी, तर सकाळी दुकानात उदबत्ती लावली की लगेच, सौदे निघायच्या आधी, २०-२५ मिनिटं. असं एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधून घेतलं की आठवण करून द्यावी लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी सवयी कशा लागतात यावर अभ्यास केला होता, २०१० ला छापून आला, त्यात लोकांनी अशीच एकेक छोटी गोष्ट रोजच्या एखाद्या वेळेला जोडून घेतली होती. सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना साधारण ६६ दिवस किंवा त्याहून कमी लागले, पण कुणाला १८ तर कुणाचा हिशेब पार २५४ पर्यंत गेला. म्हणजे ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे सगळीकडे सांगतात ते धरून बसू नका, २१ दिवस झाले आणि अजून जोर लावावा लागतोय म्हणून तुम्ही नापास असं काही नसतं. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं, मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे कारण तुमचा कोर्स बहुतेक असाच सुटला असणार, दोन दिवस आवक जास्त झाली, खंड पडला, आणि आता काय उपयोग म्हणून सगळंच सोडलं. हंगामात २५ मिनिटं नाही जमणार, १० मिनिटं करा, तीही नाही जमली तर दुसऱ्या दिवशी परत उदबत्तीनंतर बसा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाही. दीड-दोन महिन्यांनी बहुतेक असा काळ येईल की रोज बसताय पण वेग वाढत नाहीये. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९० च्या दशकात अमेरिकेत तारबाबूंचा अभ्यास केला होता, मोर्सची तार ऐकून उतरवून घ्यायला माणूस कसा शिकतो याचा. त्यांना दिसलं की वेग आधी चढतो, मग कित्येक आठवडे एका जागी सपाट राहतो, आणि नंतर परत चढायला लागतो. त्यांचं म्हणणं असं की त्या सपाट काळात एकेक अक्षर ओळखणं मुरत असतं आणि ते मुरलं की कानाला अख्खा शब्द एकदम ऐकू यायला लागतो. नंतरच्या अभ्यासकांनी असा टप्पा प्रत्येकाला लागतोच असं नाही हेही दाखवलंय, तेव्हा तुम्हाला नाही लागला तर उत्तमच. पण लागला तर सोडू नका, फक्त बघा की अजून शीटमधला एकेक सेल, म्हणजे एकेक चौकट, शोधण्यात वेळ जातोय का, आणि जात असेल तर तेवढ्यावरच काम करा.

आता त्या पोराबद्दल. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि सरळ सांगा की मला हे शिकव. अवघड आहे, मला कळतं, ४१ व्या वर्षी २३ च्या पोराकडून शिकायचं म्हणजे घशाला कोरड पडते. पण चूक दाखवणारं कुणीतरी जवळ असल्याशिवाय सरावाला धार येत नाही, आणि त्यालाही तुमची गरज आहेच, कारण हळकुंड कसलं, गड्डा कसला, कुठल्या गावच्या मालाला दर का चढतो, कुठल्या शेतकऱ्याला उचल दिलेली आहे, हे त्याच्या शीटमध्ये कुठंय? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीतले तयार पैलवान होते, पण मॅटची सवय नाही, नियम वेगळे, तरी फ्लायवेटमध्ये सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत वरच्या वजनात, बँटमवेटमध्ये, ब्राँझ घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीत कमावलेलं त्यांनी टाकून दिलं नाही, ते घेऊनच मॅटवर उतरले. तुमची १४ वर्षं तशीच तुमच्याबरोबर येणार आहेत दादा, ती शून्यावर येत नाहीत.

इंग्लिशचा क्लास सध्या नको. एका वेळी एकच धरा. आणि घरी जे बोललं गेलं ते मनाला लावून घेऊ नका, घरच्यांनी अर्धवट राहिलेलं बघितलंय म्हणून बोलले, तीन महिन्यांनी गाववार हिशेब त्यांना उघडून दाखवा. झोपेचं मात्र गंभीरपणे घ्या. वर्षभर झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. थकलेल्या डोक्याला कुठलाच सराव चढत नाही.

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय २६, एमपीएससीचा अभ्यास करतोय, हे चौथं वर्ष. रोज अभ्यासिकेत १० तास बसतो, त्याच नोट्स पाचव्यांदा वाचून झाल्या, तरी पेपरमध्ये दोन पर्यायांत अडकतो. मित्र नोकरीला लागले, मी तिथंच. अजून किती तास वाढवू?

उत्तर : तास वाढवू नकोस, उलट कमी कर. तुझं काय होतंय सांगते, पाचव्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं येतंय, पण ओळखता येणं आणि आठवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परीक्षेत दुसरीच लागते. रॉडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तेव्हा उद्यापासून एक धडा वाच, वही मिट, कोऱ्या कागदावर जेवढं आठवतंय तेवढं लिही आणि मग उघडून बघ काय सुटलं. सुटलेलं वेगळ्या वहीत. तीच वही दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. जुने पेपर सोडवताना दोन पर्यायांत अडकलास की चुकीचा पर्याय का चुकीचा हे एका ओळीत लिहून ठेव, असं दोन-तीन महिने केलंस की तू कुठल्या विषयात फसतोस ते तुलाच दिसायला लागेल. आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून लेखी वर्णनात्मक झालीय, त्यामुळं न बघता लिहायची सवय तशीही लावावीच लागणार आहे.

दुसरं जरा स्पष्ट बोलते. चार वर्षं फक्त अभ्यासिका आणि खोली एवढंच आयुष्य असेल तर माणूस आतून साचतोच. अर्ध्या दिवसाचं काम धर. साताऱ्यात तरी हे कुणाला कमीपणाचं वाटू नये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका इथं रुजवलं, १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते त्याच विचारावर, आणि कष्ट करून शिकलेली गरिबाघरची पोरं जिल्ह्यात गावोगाव आहेत. दुपारपर्यंत काम केलंस तर संध्याकाळचे चार तास खरे लागतील, आत्ताच्या १० तासांतले किती खरे लागतात ते तुलाच माहीत. आणि अजून किती प्रयत्न द्यायचे ते आत्ताच घरच्यांशी बोलून ठरव, निकालाच्या दिवशी नको.

प्रश्न : मी मिरजेची, वय ५२, मुलं मोठी झाल्यावर गाणं शिकायला लागले. मध्यमा प्रथम या गाण्याच्या परीक्षेची तयारी चालू आहे. यमनचे आलाप बाईंना आवडतात, पण तानेत मं ध नि सां आलं की सूर सांडतात, वर्षभर तेच चाललंय. रोज सगळी तान कितीतरी वेळा म्हणते. आवाजच तेवढा आहे का माझा?

उत्तर : ताई, आवाजाचं नंतर बघू. सगळी तान परत परत म्हणताय तिथंच वर्ष गेलंय, कारण जे येतंय ते रोज घोटलं जातंय आणि जे सांडतंय तेही रोज सांडायचंच घोटलं जातंय. उद्या अख्खी तान म्हणूच नका. फक्त मं ध नि सां, आकारात म्हणजे नुसत्या 'आ'वर, निम्म्या लयीत, तानपुऱ्यावर, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुपारी ऐका, गाताना जे कानाला कळत नाही ते नंतर लख्ख कळतं. बहुतेक चारही सूर सांडत नसणार, एकच सांडत असेल, 'मं'वरून 'ध'वर जाताना किंवा 'नि'वरून 'सां'ला लागताना. तो एक सापडला की बाईंना नेमकं तेवढंच विचारा.

बसायचं किती, तर १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता, त्यात सगळ्यात चांगली मुलंसुद्धा सलग दिवसभर वाजवत नव्हती, मधे विश्रांती घेऊन परत बसायची. तुम्हाला सकाळची ४० मिनिटं पुष्कळ झाली, पहिली १५ खर्जाला, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजाला, मग हा तुकडा, आणि गळा थकायच्या आधी थांबायचं. संथ लयीत सलग चार-पाच दिवस स्वच्छ आला की तबला ॲपवर लय अगदी थोडी वाढवा. जिथं परत सांडेल तिथून एक पायरी खाली या आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबा. तुकडा बसला की आधी त्याच्या मागचे दोन सूर जोडा, मग अजून दोन, अशी तान मागून पुढं बांधत आणा. परीक्षेच्या फॉर्मची घाई मात्र करू नका, या सत्राला नाही जमलं तर बाईंशी बोलून पुढच्या सत्राला भरा.